दक्षिणी मराठी : साडेतीन शतकांची घरबोली

आनेकल हा बेंगळुरू नगर जिल्ह्याचा दक्षिणेकडील तालुका. तालुक्यातील अत्तिबेले ओलांडले की होसूर लागते आणि तमिळनाडू सुरू होतो. तेलुगू मुलूखही येथून फार दूर नाही. आनेकलच्या बाजारात कन्नड, तमिळ आणि तेलुगू या तिन्ही भाषा एका दिवसात, कित्येकदा एकाच व्यवहारात कानी पडतात. अशा ठिकाणी मराठी माध्यमाची शाळा साठ वर्षे चालावी, ही अभिमानाची गोष्ट खरीच. तिच्या हीरक महोत्सवाच्या या स्मरणिकेत शाळेचा इतिहास इतरत्र आलेला आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच्याही मागचा आहे. शाळा नव्हती तेव्हा या भागात मराठी होती काय? होती, तर ती कोणाच्या तोंडी होती, कशी होती, आणि पाठ्यपुस्तकाचा आधार नसताना इतकी वर्षे जगली कशी?

या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की आपण बेंगळुरूहून तंजावरला जाऊन पोहोचतो आणि तेथून पुन्हा बेंगळुरूस परततो. या प्रवासात जी मराठी घडली तिला आज ‘दक्षिणी मराठी’ किंवा ‘तंजावरी मराठी’ म्हणतात. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर साडेतीनशे वर्षे टिकलेली ही बोली आज ज्या वळणावर उभी आहे, तेथे तिला आपल्यासारख्या शाळांची आणि घरांची गरज आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

शहाजीराजांचे बेंगळूर

१६३८ मध्ये विजापूरच्या आदिलशाही फौजेने रणदुल्लाखानाच्या नेतृत्वाखाली केंपेगौडा घराण्याकडून बेंगळूर घेतले. या मोहिमेत शहाजीराजे भोसले होते, आणि पुढे बेंगळूरची जहागीर त्यांच्याकडे आली. होदिगेरे येथे १६६४ मध्ये घोड्यावरून पडून त्यांचा मृत्यू झाला. तोवर सुमारे पाव शतक बेंगळूर हे त्यांचे मुख्य ठाणे होते. बाल शिवाजीराजे काही काळ येथे राहिले होते, हे आपण शाळेत शिकलोच आहोत. पण भाषेच्या इतिहासाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे राजांबरोबर आलेली माणसे. सरदार आणि शिलेदार, हिशेब ठेवणारे कारकून, पुरोहित, वैद्य, शिंपी, रंगारी असे एक लहानसे मराठी जगच या पठारावर उतरले.

शहाजीराजांच्या दरबाराचे वर्णन जयराम पिंड्ये या कवीने ‘राधामाधवविलासचंपू’ या ग्रंथात केले आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी हा ग्रंथ दीर्घ प्रस्तावनेसह १९२२ मध्ये प्रसिद्ध केला. जयराम स्वतः बारा भाषांत कविता करीत असे, आणि राजांच्या दरबारात निरनिराळ्या भाषांचे कवी हजर होत, असे त्या ग्रंथावरून दिसते. म्हणजे बेंगळुरूत मराठी प्रथम रुजली ती एकट्याने नव्हे. ती पहिल्या दिवसापासून इतर भाषांच्या पंगतीत बसलेली होती. दक्षिणेतील मराठीचा स्वभाव कळण्यासाठी ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

शहाजीराजांमागे त्यांचे पुत्र व्यंकोजी ऊर्फ एकोजी यांच्याकडे ही जहागीर आली. आजच्या मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर मंदिराशी त्यांचे नाव जोडलेले आहे. १६७६ च्या सुमारास एकोजींनी तंजावर हस्तगत केले आणि तेथेच गादी स्थापली. दूरचे बेंगळूर सांभाळणे कठीण झाले, तेव्हा म्हैसूरच्या चिक्कदेवराज ओडेयरांना ते तीन लाखांना देण्याची बोलणी झाली. मध्येच मोगल सेनापती कासीमखानाने ते जिंकले. अखेर १६८७ मध्ये ते म्हैसूरकरांच्या ताब्यात गेले. राज्य गेले, तरी सगळी माणसे गेली नाहीत. काही कुटुंबे तंजावरला गेली, काही या पठारावरच राहिली. कन्नड-तेलुगू मुलखात मराठ्यांना ‘आरे’ म्हणण्याची जुनी रीत आहे. त्या नावाने ओळखली जाणारी घरे, तसेच भावसार क्षत्रिय आणि नामदेव शिंपी समाज यांनी आपापल्या वळणाची मराठी घरात जपली. त्यांच्या विठ्ठलमंदिरांतून अभंग गायिले जात राहिले. दक्षिणी मराठी ही केवळ राजघराण्याची किंवा एका जातीची भाषा नव्हती, हे यावरून स्पष्ट व्हावे.

तंजावरची राजभाषा

तंजावरच्या भोसले घराण्याने पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ मराठी दक्षिणेत नांदवली. राज्य तमिळ प्रजेचे, दरबारी संगीताची भाषा बव्हंशी तेलुगू, शास्त्रांची संस्कृत आणि राजघराण्याची मराठी, असा तो संसार होता. एकोजींचे पुत्र शाहराजे यांची कारकीर्द १६८४ ते १७१२ अशी होती. त्यांनी मराठीत नाटके रचली. ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे त्यांचे नाटक मराठीतील अगदी आरंभीच्या नाटकांत गणले जाते. विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ सांगलीत झाले ते १८४३ मध्ये. म्हणजे त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधी, कावेरीच्या काठी, मराठी नाटक लिहिले जात होते.

दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांचे नाव तर प्रत्येक मराठी शाळेला ठाऊक असावे. त्यांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना घातला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्या छापखान्यातून इसापच्या गोष्टींचा मराठी अनुवाद ‘बालबोध मुक्तावली’ या नावाने निघाला. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ निघाले १८३२ मध्ये आणि मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये. त्याआधी सुमारे वीस-पंचवीस वर्षे तंजावरची मराठी मुले छापील गोष्टी वाचू शकत होती.

सरफोजींच्या ‘देवेंद्र कोरवंजी’ची गोष्ट शाळेच्या स्मरणिकेत सांगितलीच पाहिजे. कुरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. त्यात कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री येते आणि आपल्या डोंगरांचे, नद्यांचे, मुलखाचे वर्णन करते. सरफोजींनी हा साचा उचलला, त्यात मराठी घातली, आणि त्या स्त्रीच्या तोंडून सगळ्या पृथ्वीचा भूगोल वदवला. युरोपीय शिक्षकांकडून शिकलेली नवी विद्या, तमिळ लोकनाट्याचे रूप आणि मराठी शब्द यांचा असा संयोग पुण्यात घडला नसता. तो तंजावरातच घडू शकत होता. भरतनाट्यमसाठीही त्यांनी मराठी निरूपणे रचली. याच राजाने १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या मंदिरात भोसले वंशाचा इतिहास मराठीत, देवनागरी अक्षरांत कोरवून घेतला. राजराज चोळाच्या तमिळ शिलालेखांच्या सहवासात ती मराठी आजही उभी आहे.

दरबाराबाहेरही मराठीचे ठिकाण होते. तंजावर आणि मन्नारगुडी येथे रामदासी मठ स्थापन झाले. वेल्लोरजवळच्या अरणी येथे आनंदतनय हा मराठी कवी होऊन गेला. या मठांतून आणि घरांतून ग्रंथांच्या प्रती होत राहिल्या. आज तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठीची तीन हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. शिवाय मोडी कागदांची बाडे वेगळीच.

राज्य गेले, घर राहिले

१७९९ च्या तहाने तंजावरचा कारभार कंपनीकडे गेला. राजाकडे किल्ला आणि मानपान तेवढा उरला. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि कंपनीने गादीच संपवली. ज्या भाषेला राजाश्रयाने वाढवले तिचा आश्रय एका दिवसात गेला. तेथून पुढे ती भाषा पन्नास वर्षांत मावळेल, असे कोणालाही वाटले असते. तसे झाले नाही.

तंजावर-कुंभकोणमच्या मराठी कुटुंबांनी इंग्रजी शिक्षण घेतले आणि ती दक्षिणेतील संस्थानांच्या नोकरीत पसरली. कुंभकोणमला १८२८ मध्ये जन्मलेले सर टी. माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले. व्ही. पी. माधवराव १९०६ ते १९०९ या काळात म्हैसूरचे दिवाण होते. त्यांच्यामागून सर टी. माधवरावांचे पुत्र टी. आनंदराव दिवाण झाले, आणि १९१२ मध्ये त्यांच्या जागी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या आले. बेंगळुरूच्या आनंदराव सर्कलवरून आपण किती वेळा गेलो असू! ते नाव ज्यांचे, त्यांच्या घराण्याची बोली दक्षिणी मराठी होती, हे किती प्रवाशांना माहीत असेल? अशा रीतीने एकोजींच्या काळी बेंगळुरूहून दक्षिणेस उतरलेली मराठी, सव्वादोनशे वर्षांनी तमिळ देशाचे पाणी पिऊन, पुन्हा बेंगळुरूत आली.

मद्रासेत १९१२ मध्ये या समाजाने महारट्टा एज्युकेशन फंड उभारला. गरजू विद्यार्थ्यांना मदत करणे हा त्याचा हेतू. राजाश्रय संपल्यावर समाजाने स्वतःची सोय लावली, याची ही एक ठळक खूण.

कीर्तनाने तर मराठीला तमिळ श्रोत्यांपर्यंत नेले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रामचंद्रबुवा मोरगावकर तंजावरास आले. त्यांच्या कीर्तनांचा प्रभाव इतका पडला की तंजावर कृष्ण भागवतर यांनी त्या धर्तीवर तमिळ हरिकथेला नवे रूप दिले. साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते आणि छंद कर्नाटक संगीताच्या मंचावर स्थिरावले. ज्यांना मराठीचे एक वाक्य बोलता येत नाही असे गायक आजही दक्षिणेत अभंग रंगवतात.

स्वयंपाकघरही मागे राहिले नाही. उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पच्चडी, डाळ घातलेली आंबट भाजी हे पदार्थ तंजावरी मराठी घरांची ओळख सांगतात. उलट दिशेनेही देवाणघेवाण झाली. तमिळ घरातील ‘कोसुमल्ली’ आणि कानडी ‘कोसंबरी’ ही आपल्या कोशिंबिरीची नातलगे आहेत. सांबार हे नाव संभाजीराजांवरून पडले, ही कथा मात्र कथाच समजावी. तिला कागदोपत्री आधार नाही. पण ती कथा तमिळ मुलखात आवडीने सांगितली जाते, यावरूनही शेजाऱ्यांनी या मंडळींना आपल्यात किती सामावून घेतले ते कळते.

बोलीचे वळण

आता बोलीकडे वळू. महाराष्ट्रातून आलेल्या माणसाला दक्षिणी मराठी प्रथम ऐकताना दोन गोष्टी जाणवतात. काही शब्द जुने वाटतात, जणू बखरीतून उठून आले. आणि वाक्याची चाल तमिळ किंवा कन्नड वाटते. या दोन्हींना कारण आहे. मुख्य प्रवाहापासून दुरावलेली बोली जुने शब्द धरून ठेवते, कारण मागे मायदेशी भाषेत झालेले बदल तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. पुण्यात एकोणिसाव्या शतकात छापखाना, शाळाखाते आणि वृत्तपत्रे यांनी मिळून प्रमाण मराठी घडवली, तेव्हा तंजावरच्या घरांचा त्या घडामोडीशी थोडाच संबंध होता. दुसरीकडे, रोज शेजाऱ्यांची भाषा बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी तिची वाक्यरचना नकळत उतरते.

हे कसे घडते, याचा प्रसिद्ध अभ्यास सांगली जिल्ह्यातील कुपवाड गावी झाला. गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांनी १९७१ मध्ये दाखवून दिले की त्या गावातील मराठी, कन्नड आणि उर्दू यांचे शब्द वेगळे राहिले, पण व्याकरण इतके जवळ आले की एका भाषेतील वाक्य दुसरीत जवळजवळ शब्दास शब्द ठेवून सांगता येते. शेकडो वर्षांच्या शेजाराचा हा परिणाम. लक्षात घेण्याची गोष्ट अशी की भाषा एकमेकींजवळ आल्या, तरी कोणीही आपली घरची भाषा टाकली नाही. मिसळणे आणि संपणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आनेकलच्याच बाजारातले एक उदाहरण घेऊ. ‘आपण जाऊ’ आणि ‘आम्ही जाऊ’ यांत मराठी माणूस भेद करतो. पहिल्यात ऐकणारा धरलेला असतो, दुसऱ्यात तो वगळलेला असतो. तमिळमध्ये हाच भेद ‘नाम्’ आणि ‘नांगळ्’ या शब्दांनी होतो, तेलुगूत ‘मनमु’ आणि ‘मेमु’ यांनी. आजच्या कन्नडात मात्र दोहोंसाठी ‘नावु’ एवढाच शब्द चालतो. हिंदीतही ‘हम’ एकटाच आहे. म्हणजे हिंदीत नसलेली एक बारीक सोय मराठीत आणि द्राविडी भाषांत समान आहे. मराठी आणि द्राविडी भाषांचे नाते तंजावरला जाण्यापूर्वीचेच आहे. तंजावरने ते अधिक घट्ट केले. तेव्हा दक्षिणी मराठी ‘बिघडलेली’ आहे असे म्हणणाऱ्याने आधी पुण्याची मराठी कोणत्या शेजारात वाढली, याचा विचार करावा.

परंतु हा विचार क्वचितच झाला. दक्षिणी मराठी बोलणारे कुटुंब पुण्या-मुंबईच्या नातलगांकडे गेले की त्यांच्या बोलण्यावर हसू उमटते, आणि मुले पुढे गप्प बसतात. अशा हसण्यामागे दुष्टपणा नसतो, पण परिणाम व्हायचा तो होतो. जी बोली राज्य बुडाल्यावर टिकली, ती आपल्याच माणसांच्या चेष्टेने आखडली.

विद्वानांचेही तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. जॉर्ज ग्रियर्सन यांच्या ‘भारतीय भाषा पाहणी’चा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात कोकणापासून वऱ्हाडापर्यंतच्या बोलींचे नमुने आहेत. परंतु ही पाहणी मद्रास इलाखा, म्हैसूर आणि हैदराबाद संस्थानांत झालीच नाही. त्यामुळे तंजावर आणि बेंगळूर येथील मराठी त्या महाग्रंथाच्या कक्षेबाहेर राहिली. पुढे डॉ. अ. मा. घाटगे यांनी मराठी बोलींच्या सर्वेक्षणमालेत कासरगोडच्या मराठीचा अभ्यास केला. अलीकडे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने बोलींचे मोठे सर्वेक्षण हाती घेऊन गावोगावचे आवाज ध्वनिमुद्रित केले आहेत. ते काम मोलाचे आहे, पण ते महाराष्ट्राच्या सीमेपुरते आहे. सीमेपलीकडच्या बोलींची नोंद त्या बोलणाऱ्यांनीच करावी लागणार.

दूरदेशीचा एक दाखला

आपल्याच भाषेच्या मोठ्या बहिणीपुढे बोलीने संकोचावे, हा अनुभव एकट्या दक्षिणी मराठीचा नाही. स्कॉटलंडमधील स्कॉट्स ही भाषा इंग्रजीची जवळची आप्त. एके काळी ती तेथील दरबाराची भाषा होती. १६०३ मध्ये स्कॉटलंडचा राजा इंग्लंडच्याही गादीवर बसला आणि दरबार लंडनला गेला. १७०७ मध्ये स्वतंत्र संसदही संपली. त्यानंतर स्कॉट्स घरात, शेतात आणि गाण्यात उरली. शाळांतून मुलांना ती ‘वाईट इंग्रजी’ म्हणून टाकायला शिकवली गेली. ईशान्य स्कॉटलंडमध्ये तिचे ‘डोरिक’ नावाचे जे रूप आहे, ते शेतकऱ्यांनी आणि मच्छीमारांनी तोंडी जपले.

तिला सावरणाऱ्या गोष्टी साध्या होत्या. जॉन जेमिसन या धर्मोपदेशकाला थोर्केलिन नावाच्या परदेशी विद्वानाने पटवून दिले की ज्या शब्दांना आपण गावंढळ समजता, ते प्राचीन आणि स्वतंत्र आहेत. जेमिसनने वर्षानुवर्षे शब्द गोळा केले आणि १८०८ मध्ये स्कॉट्सचा कोश दोन खंडांत काढला. विसाव्या शतकात तेथील अभ्यासकांनी १९३१ ते १९७६ या काळात दहा खंडांचा राष्ट्रीय कोश पुरा केला. २०११ च्या जनगणनेत ‘आपल्याला स्कॉट्स येते काय’ हा प्रश्न प्रथमच विचारला गेला, तेव्हा पंधरा लाखांहून अधिक लोकांनी बोलता येते असे सांगितले. २०२५ मध्ये स्कॉटिश संसदेने कायदा करून गेलिकबरोबर स्कॉट्सलाही अधिकृत दर्जा दिला. शब्दांच्या वहीपासून कायद्यापर्यंत दोनशे वर्षे लागली, परंतु आरंभ वहीपासून झाला.

आपल्याकडे मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, याचा आनंद सर्वांना झाला. त्या दर्जाचा आधार मराठीची प्राचीनता आणि तिची ग्रंथसंपदा हा होता. तंजावरची हस्तलिखिते हे त्या संपदेतले एक दालन. मात्र ग्रंथ टिकले म्हणजे बोली टिकली असे होत नाही.

काय टिकले, काय निसटते आहे

येथे या लेखाचा मुख्य मुद्दा येतो. दक्षिणी मराठीच्या वारशाचे दोन भाग आहेत. एक भाग लिहिलेला: शिलालेख, नाटके, हस्तलिखिते, मोडी कागद. त्याची काळजी ग्रंथालये घेतात. १९१८ पासून सरस्वती महालाची दारे लोकांना उघडी झाली. त्या कागदांचे काय व्हायचे ते जाणकारांच्या हाती आहे. दुसरा भाग बोललेला: हाका, म्हणी, ओव्या, पाककृती, नातेवाइकांची नावे, रागावण्याचे आणि लाडाचे शब्द. हा भाग राजाने जपला नाही, मठाने नाही, शाळेनेही नाही. तो जपला घरातल्या माणसांनी, त्यांतही बहुतांशी स्त्रियांनी. बाहेर पुरुष तमिळ, कन्नड, इंग्रजी बोलत; घरात आल्यावर आईशी मराठीत बोलत. त्या एका सवयीवर बोलीने राज्य बुडाल्यानंतरची सव्वाशे-दीडशे वर्षे काढली.

आता त्या घराचीच घडी बदलली आहे. आजी-आजोबा एका शहरात, नातवंडे दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात. लग्ने भाषेच्या पलीकडे जुळतात, आणि जुळावीतच. पण मग घराची सामाईक भाषा इंग्रजी होते. अनेक दक्षिणी मराठी कुटुंबांना देवनागरी वाचता येत नाही. ती आपली मराठी तमिळ किंवा कन्नड अक्षरांत उतरवतात. त्यामुळे आजीच्या वहीतील गाणे नातवाला वाचता येत नाही, आणि नातवाच्या पाठ्यपुस्तकातील मराठी आजीला परकी वाटते. एकाच घरात दोन मराठी आहेत आणि त्यांची एकमेकींशी ओळख नाही.

प्रमाण मराठीची शाळा येथे काय करू शकते? आरंभी एक अडचण मान्य करावी लागेल. शाळेचे काम प्रमाण भाषा शिकवणे हे आहे आणि ते तिने सोडू नये. परीक्षा, पुस्तके, वृत्तपत्रे, महाराष्ट्राशी नाते हे सारे प्रमाण मराठीतून साधते. परंतु ‘हे अशुद्ध आहे’ असा शेरा मारून जेव्हा वहीतला घरचा शब्द खोडला जातो, तेव्हा त्या मुलाला एक नवा शब्द मिळतो आणि एक जुना जातो. ‘शोधणे’ शिकवावे, पण त्यासाठी ‘हुडकणे’ कमी प्रतीचे ठरवण्याचे कारण नाही. कोल्हापूर, बेळगावापासून बेंगळुरूपर्यंतची माणसे हुडकतच आली आहेत. दोन्ही शब्द मुलाजवळ राहिले तर त्याची मराठी श्रीमंत होते. कोणता शब्द कोठे वापरावा, एवढेच त्याला शिकवायचे असते. आणि आनेकलसारख्या गावी दिवसात तीन भाषा बदलणाऱ्या मुलाला हे विशेष कठीण जाऊ नये.

पुढील साठ वर्षांसाठी

हीरक महोत्सवाच्या वर्षी काही कामे हाती घेता येतील. ती खर्चाची नाहीत, चिकाटीची आहेत.

पहिले काम, आवाजांची नोंद. प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीचे अर्धा तास बोलणे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. विषय साधे असावेत: लग्न कसे झाले, सणाला काय करीत, कोणत्या गावाहून येथे आलो. बोलणाऱ्याला मध्ये थांबवून शब्द सुधारू नयेत. नाव, गाव, वर्ष आणि संमती यांची नोंद बरोबर ठेवावी. या नोंदी शाळेच्या ग्रंथालयात एका ठिकाणी जमा व्हाव्यात.

दुसरे काम, शब्दांची वही. स्वयंपाकाची भांडी, पदार्थ, नाती, शेती, शिवणकाम, रंगकाम, दुखणी आणि औषधे अशा सदरांखाली घरोघरचे शब्द लिहावेत. प्रत्येक शब्दापुढे तो कोणत्या घरात, कोणत्या अर्थाने बोलला जातो ते नमूद करावे. ‘आरे’ घरातला शब्द, शिंप्याच्या घरातला, तंजावरहून आलेल्या घरातला, बेळगावकराचा आणि नोकरीसाठी अलीकडे पुण्याहून आलेल्याचा, असे सारे शब्द एका पानावर आले तर त्या पानाची किंमत कोणत्याही अभ्यासकाला कळेल.

तिसरे काम मुलांचे. वर्षातून एकदा प्रत्येक वर्गाने आपल्या घरच्या बोलीत एक गोष्ट लिहावी किंवा सांगावी, आणि त्या लेखनावर लाल शाई चालवू नये. ज्यांच्या घरी कन्नड किंवा तेलुगू मिसळलेली मराठी आहे त्यांनी ती तशीच लिहावी. सरफोजीराजांनी तमिळ कुरवंजीतून मराठी भूगोल शिकवला, त्या धिटाईचा थोडा अंश आपल्या मुलांतही यावा.

चौथे काम जुन्या कागदांचे. ज्यांच्या घरी मोडी कागद, गाण्यांच्या वह्या, लग्नपत्रिका किंवा देवघरातील पोथ्या असतील, त्यांनी त्यांची छायाचित्रे काढून ठेवावीत. मूळ कागद घरीच राहू द्यावेत. पण वाळवीने किंवा घर बदलताना ते गेले तर निदान प्रत उरेल.

शाळेच्या पहिल्या तुकड्यांतील विद्यार्थी आज सत्तरीच्या आसपास आहेत. ज्या माणसांनी ही बोली शाळेशिवाय ऐकली आणि शाळेत आल्यावर दुसरी मराठी शिकली, त्यांतली ही जवळजवळ अखेरची पिढी. तिच्याजवळ दोन्ही मराठी आहेत. तिच्या पालकांच्या पिढीतील मोजकीच माणसे आता उरली असतील. म्हणून आवाजांच्या नोंदीचे काम शताब्दीपर्यंत थांबणारे नाही. ते या वर्षीच व्हायला हवे.

दक्षिणी मराठीने राजा गमावला, छापखाना गमावला, लिपी गमावली. तिच्याजवळ उरले ते फक्त बोलणारे आणि ऐकणारे. शाळेने साठ वर्षे मराठी वाचणारे घडवले. यापुढे तिने ऐकणारेही घडवावेत. आपल्या घरातील थोरांशी, ज्या मराठीत ते बोलतात त्याच मराठीत, दिवसातून चार वाक्ये बोलावीत, इतकीच विनंती या निमित्ताने सर्व माजी विद्यार्थ्यांना आणि पालकांना आहे.